वरच्या डोंगरांची ओळ

२१ मे

ताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी खुर्ची ओढून बसली असशील. बस, पण घाबरू नकोस. हातपाय शाबूत आहेत. फक्त मोबाइल गेला. मीच भिंतीवर आपटला. भिंतीला काही झालं नाही. नवा घेऊन देऊ का, असं विचारू नकोस, कारण इथे डोंगराच्या टोकावर जाऊन हात उंच केल्याशिवाय कोणाचा आवाज येत नाही. साइटच्या ऑफिसात एक जुना फोन आहे, पण तो मुकादमाच्या टेबलावर असतो आणि मुकादमाच्या मर्जीवर चालतो. म्हणून पत्र. सिमेंटचा ट्रक परत जाताना ड्रायव्हर पेटीत टाकतो.

कॉलेज सोडलं ते सोडलं. त्यावर प्रवचन नको. सरांनी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, ‘तुझ्यासारख्यांनी जागा अडवू नये.’ मी जागा मोकळी केली. वही त्यांच्या टेबलावर आपटली हे खरं. त्यांच्या अंगावर फेकली हे खोटं. बाबांना हा फरक कळत नाही. तुला कळतो, म्हणून तुला लिहितोय.

आता इथेच का आलो ते सांगतो. गेल्या सुट्टीत तुझ्या खोलीवर राहिलो होतो आणि जिच्याबद्दल बोलून बोलून तुला कानात कापूस घालायला लावला होता, तीच. ती इथे पुलाच्या कामावर लागली आहे. तिवईवर दुर्बीण चढवते आणि कुठला खांब किती उंच गेला ते वाचून सांगते. साइटवर तिला सगळे लेव्हलवाली म्हणतात. मी स्टोअरमध्ये बसतो. सळया, खिळे, हातमोजे काढून देतो. ती आली की माझ्या हातून खिळे सांडतात. ती म्हणते, ‘सावकाश.’ आतापर्यंत आमच्यात झालेलं सगळ्यात मोठं बोलणं हेच.

पूल नदीवर होतोय, पण नदीत पाणी नाही. नुसते गोटे आणि वाळू. तापलेल्या वाळूतून चप्पल घालूनही चालवत नाही. सावली अशी एकच, तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी. दुपारच्या सुट्टीत अख्खी साइट तिथे आडवी होते.

आणि माझं दुसरं काम ऐक, हसशील. रोज सकाळी रेडिओवर विभागीय हवामान अंदाज लागतो, तो ऐकून ऑफिसबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. म्हणजे तू लिहिलेला! वाचतो तो घोगरा निवेदक, पण वाक्यं तुझी. ‘समुद्रावरून बाष्प आत येत असून’ यातलं ‘असून’ मी लगेच ओळखलं. घरातही तू अशीच बोलतेस. ‘दूध संपलेलं असून कोणी आणत नाही.’

लेव्हलवाली रोज कामावर जाताना फळ्यासमोर थांबते आणि सगळं वाचते. म्हणजे माझ्या हस्ताक्षरातलं एवढंच काय ते तिच्यापर्यंत पोचतं, आणि मजकूर तुझा. तेव्हा जरा बरं लिहीत जा. रोज रोज काय ‘हवामान कोरडे राहील’?

बाबांना सांगू नकोस. आईला सांग, पण अर्धंच.

तुझा
बंब्या

२५ मे

बंब्या,

तुला हे नाव ठेवलं तेव्हा वाटलं होतं, मोठा झालास की निवशील. आता धूर लांबून दिसतो, एवढाच फरक.

घरी जाऊन आले. बाबा तुझं नाव काढत नाहीत, पण जेवताना चौथ्या खुर्चीवर पेपर ठेवतात. ती रिकामी दिसू नये म्हणून असेल. आईला अर्धं सांगितलं. राहिलेलं अर्धं तिने स्वतःच जुळवलं आणि विचारलं, ‘मुलगी कशी आहे?’ मी म्हटलं, ‘त्यालाही माहीत नाही, तो खिळे सांडतो.’

एक विचारते, चिडू नकोस. ती तिथे कामाला गेली. तू तिच्या मागे गेलास. तिला तू तिथे हवा आहेस का, हे तिला कोणी विचारलं आहे का?

बरं, आता कामाचं, आणि हे दोनदा वाच. तुझी नदी कोरडी आहे असं तू थट्टेत लिहिलंस, पण मी उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. माझा अंदाज खोऱ्यापुरता असतो. तुझ्या नदीचं पाणी येतं वरच्या डोंगरांतून, आणि तो विभाग दुसऱ्या कार्यालयाकडे आहे. त्यांचा अंदाज तुमच्या रेडिओवर लागत नाही. म्हणजे तुझ्या डोक्यावर निळं आकाश असेल, फळ्यावर ‘कोरडे’ असेल, आणि वर डोंगरात दुपारी जो पाऊस कोसळेल त्याचं पाणी संध्याकाळच्या आत तुमच्या त्या तिसऱ्या खांबाशी येईल. ते ओहोळासारखं येत नाही. भिंत चालत यावी तसं येतं.

हे दिवस त्याचेच आहेत. उन्हाळा संपत आलाय, जमीन तापून लाल झाली आहे, आणि समुद्रावरची ओल रोज थोडी थोडी आत सरकते आहे. सकाळी काही दिसत नाही. दुपारी डोंगरांवर ढग उभे राहतात.

म्हणून उद्यापासून मी अंदाजाच्या शेवटी एक ओळ जोडणार आहे, वरच्या डोंगरांची. छापील नमुन्यात तिला जागा नाही. कोणी विचारलं तर बघू. ती ओळ आली की कोणालाही पात्रात उतरू देऊ नकोस. तुझ्या लेव्हलवालीलाही नाही आणि तुलाही नाही.

जेवत जा. ताई

२९ मे

ताई, ताई, ताई!

तुझ्या ओळीने इथे काय केलं ते ऐक.

परवा सकाळी निवेदक नेहमीसारखा घोगरत होता. खोऱ्यात हवामान कोरडे, तापमान अमुक. मी खडू खाली ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, ‘वरच्या डोंगरांत दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह जोरदार पावसाची शक्यता असून खालच्या कोरड्या पात्रांत कोणी उतरू नये.’ पुन्हा ‘असून’! मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि येईल त्याला सांगितलं, ही माझ्या ताईची ओळ.

मुकादम आला. वर बघितलं, फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

‘काय रे, कुठाय पाऊस?’

‘वर आहे.’

‘वर म्हणजे? स्वर्गात?’

सगळे हसले. माझं डोकं तापलंच होतं, पण तेवढ्यात लेव्हलवाली पुढे आली आणि म्हणाली, ‘मुकादम, आज वरच्या फळ्यांचं सेंट्रिंग करून घेऊ. पात्रातलं काम उद्या.’ तिने सांगितलं म्हणून ऐकलं, मी सांगितलं म्हणून नाही. असो. ऐकलं.

दुपार गेली. आकाश घासलेल्या परातीसारखं. माणसं माझ्याकडे बघून आभाळाला हात जोडायला लागली, माझी टिंगल म्हणून. आणि मग पाणी आलं. फार नव्हतं, घोट्याएवढं असेल. तपकिरी, फेसाळ, पुढे काटक्या आणि पालापाचोळा ढकलत. डोक्यावर ऊन आणि खाली पाणी! सगळे पुलाच्या कडेला उभे राहून बघत होते. मुकादम हळूच म्हणाला, ‘तुझी ताई बाई आहे की काय आहे?’

आता त्या ओळीला सगळे ‘ताईची ओळ’ म्हणतात. सकाळी फळ्याशी गर्दी होते. पहिला प्रश्न, ‘ओळ आहे का?’ आहे म्हटलं की वरचं काम, नाही म्हटलं की खालचं. मी नियमच करून टाकलाय. ओळ नाही म्हणजे रस्ता मोकळा. मुकादमही मानतो.

आणि ती! ती काल स्टोअरमध्ये आली. तिचे हातमोजे फाटले होते, मी नवा जोड काढून दिला. एकही खिळा सांडला नाही. म्हणाली, ‘तुझ्या बहिणीला सांग, आवडलं.’ मग तुझ्याबद्दल विचारलं. तू कुठे शिकलीस, एकटी राहतेस का, रात्रपाळी असते का. मी सगळं सांगितलं. मग तिने विचारलं, ‘आणि तू का सोडलंस?’ मी वहीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, ‘आपटायची ती सवय बरी नाही. कधीतरी हातात चांगली वस्तू असते.’ कोणी दुसऱ्याने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. मी ‘हो’ म्हटलं. ताई, मी ‘हो’ म्हटलं!

तू विचारलं होतंस, तिला मी इथे हवाय का. मला वाटतं, आता थोडासा हवाय.

तुझा बंब्या

२ जून

बंब्या,

पत्र मिळालं. घोट्याएवढ्यावर भागलं, बरं झालं. मुकादमांना सांग, बाईच आहे.

इथे जरा ओढाताण आहे. माझी बसायची जागा बदलली. आता वरच्या मजल्यावर जुन्या नोंदींच्या खोलीत असते. पंखा चांगला आहे, कबुतरं फार आहेत. बाकी ठीक.

तुझा तो नियम मला आवडलेला नाही. एका ओळीवर सगळा भार टाकू नये. माणसं चुकतात, रेडिओ चुकतो. ओळ असो नसो, दुपारी तू स्वतः डोंगराकडे बघत जा. ढग फुलकोबीसारखा वर फुगत गेला आणि त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला, तर त्याच्या खाली पाऊस आहे असं समज आणि पात्र सोड. कोणाला विचारत बसू नकोस.

आणि शांत राहा. मागे माझ्या घरमालकाने आवाज चढवला म्हणून तू इतक्या लांबून येऊन त्याच्या दारावर लाथ मारली होतीस. दार मला दुरुस्त करून द्यावं लागलं आणि खोली सोडावी लागली. तुझा राग माझ्या बाजूने असतो हे मला कळतं. पण कधी कधी तो मलाच महाग पडतो.

लेव्हलवालीला माझा निरोप सांग. ती शहाणी दिसते.

ताई

५ जून

ताई,

वरच्या मजल्यावर गेलीस म्हणजे बढती! आणि सांगतेस कसं, जसं काही कबुतरांनी बदली केली. तू जन्मात स्वतःचं कौतुक सांगणार नाहीस. मी मुकादमाला सांगितलं, ताई आता वरून बघते. तो म्हणाला, ‘मग तर अजून लांबचं दिसत असेल.’

गेले काही दिवस ओळ नाही. म्हणजे वर सगळं शांत आहे. इथे पात्रातलं काम जोरात चाललंय, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि त्याआधी पायाचं काम संपवायचं आहे. तू सांगितलंस म्हणून मी डोंगराकडे बघतो. बघतो म्हणजे काय, बघतच बसतो. दुपारी तिकडे ढग असे उभे राहतात ना, पांढरे शुभ्र, एकावर एक रचलेले, वरून उन्हाची कडा. तुझी ऐरण-बिरण मला काही कळत नाही. मला ते तिच्या कामाच्या कागदांसारखे वाटतात, कोरे. पण खरं सांगू? मी बघण्यापेक्षा तू बघितलेलं बरं. तू लिहायचं विसरणार नाहीस. मी इथे आहे ना पात्रात!

आता मुद्दा. रविवारी साइट बंद असते. तिला खालच्या दोन खांबांची लेव्हल पुन्हा तपासायची आहे, गर्दी नसताना. समोर मोजपट्टी धरायला कोणीतरी लागतं. मी म्हटलं, मी धरतो. ती म्हणाली, ‘ये मग.’ दोनच शब्द, पण म्हणाली कशी ते पत्रात लिहिता येत नाही.

मी तिला सांगणार आहे. तिसऱ्या खांबाच्या सावलीत. सगळं सांगणार, सुट्टीपासूनचं. वाक्य जुळवून ठेवलंय. आधी ते लांबलचक होतं, तुझ्या अंदाजासारखं. कापून कापून छोटं केलंय. स्टोअरमध्ये सळयांसमोर उभा राहून म्हणून बघतो. सळया हसत नाहीत.

तू म्हणतेस तसा शांत राहीन. ती नाही म्हणाली तरी काही आपटणार नाही. वचन.

आईला आता पूर्ण सांग.

बंब्या

८ जून

बंब्या,

तुझं पाचचं पत्र आत्ता हातात पडलं. रविवार काल झाला.

ती ओळ मी बंद केलेली नाही. माझ्याकडून काढून घेतली. तुमच्याकडे पाणी आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी डोंगर विभागाच्या कार्यालयातून आमच्या साहेबांना फोन आला. ‘तुमची बाई आमच्या हद्दीत पाऊस पाडते.’ त्यांनी स्वतः त्या दिवशी पाऊस सांगितला नव्हता. माझी ओळ चुकली असती तर चाललं असतं. ती बरोबर आली, तेच बोचलं. साहेब म्हणाले, खोऱ्यापुरतं बघा. मी वाद घातला. मला वर नोंदींच्या खोलीत बसवलं. बढती नाही रे. महिना सुरू झाल्यापासून तू फळ्यावर लिहितोस तो अंदाज माझा नाहीच.

तुला सांगितलं असतं तर तू पहिल्या ट्रकने इथे येऊन साहेबांच्या टेबलावर चढला असतास. म्हणून गप्प बसले. वाटलं, दोन-चार दिवसांत ओळ परत मिळवते, तोवर तू डोंगराकडे बघशील. मी अर्ज दिला होता. त्याला उत्तर नाही.

काल दुपारी नोंदींच्या खोलीच्या खिडकीतून मला तो ढग दिसला. इतक्या लांबून. माथा पसरलेला.

साइटच्या फोनवर सकाळपासून लावते आहे. कोणी उचलत नाही. हे पत्र कशाला लिहिते तेही कळत नाही. हात दुसरं काही करत नाहीत.

फक्त ‘आहोत’ एवढं कळव. दोघं.

ताई

११ जून

ताई म्हणायचं की नाही ते ठरत नव्हतं, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. मुकादमाने तुला फोनवर सांगितलं असेलच. तरी माझ्याकडून ऐक, कारण त्याने सगळं बघितलं नाही.

सकाळी मी रेडिओ ऐकला. ओळ नव्हती. सुट्टी असूनही मी फळा लिहिला, तिच्यासाठी. ती आली, वाचला, आणि विचारलं, ‘आज ओळ नाही ना?’ मी म्हटलं, ‘नाही.’ त्यावर ती खाली उतरली. ऐकतेस ना? माझ्या ‘नाही’वर. आणि माझं ‘नाही’ तुझ्यावर उभं होतं.

डोक्यावर लख्ख ऊन. तिने दुसऱ्या खांबाचं काम संपवलं आणि तिवई तिसऱ्याशी नेली. मग पाणी आलं. तू लिहिलं होतंस तसं, भिंत चालत आली. गोटे एकमेकांवर आपटण्याचा आवाज पाण्याच्याही पुढे धावत होता. मी तिचा हात धरून शिडीकडे पळालो. मी खांबाच्या सळयांना पकडलं. तिला पकडलं होतं. मग माझ्या हातात नुसता हातमोजा राहिला. मीच काढून दिलेल्या जोडातला, हाताला जरा मोठा होता.

ती खालच्या सेंट्रिंगच्या फळ्यांत अडकली म्हणून वाचली. मुकादम वस्तीवरून दोर घेऊन धावत आला, त्याने आणि चौघांनी ओढून काढलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, बरगड्या, आणि पोटात गेलेलं गाळाचं पाणी. दोन दिवस बोललीच नाही. मी इथे रुग्णालयाच्या बाकावर आहे. तिचे वडील आले आहेत. त्यांनी विचारलं, ‘तू कोण?’ मी स्टोअरवाला म्हटलं.

आता तुझं. तू मला सांगितलं नाहीस. कबुतरं सांगितलीस, पंखा सांगितलास. एक वाक्य, ‘ओळ माझी नाही’, एवढं लिहायला तुला किती शाई लागली असती? मी येऊन साहेबाचं टेबल मोडलं असतं? हो, मोडलं असतं! मग काय झालं असतं? एक टेबल मोडलं असतं, ताई. टेबल!

मी साऱ्या साइटला सांगत फिरलो, माझी ताई बघतेय.

उद्या तिला तुमच्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात हलवणार आहेत. गाडीत मला जागा नाही, वडील म्हणाले. तू तिकडे जाऊ नकोस. कोणत्या तोंडाने जाशील?

१६ जून

बंब्या,

मी गेले होते. आहे त्या तोंडाने.

आधी तिचं सांगते. शस्त्रक्रिया झाली. ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण वेळ लागेल, आणि पाय जरा आखूड राहील. खिडकीजवळची खाट आहे. वडील चहा आणायला बाहेर गेले तेव्हा मी आत गेले आणि दारातूनच सांगितलं, ‘मी ती ओळवाली. ओळ बंद झाली आणि मी कळवलं नाही. ते सांगायला आले.’

तिने खाटेजवळचं स्टूल दाखवलं. मग म्हणाली, ‘बसा. तुम्ही अगदी त्याच्यासारखंच नाक फुगवता.’

मी माफी मागायला लागले. तिने थांबवलं.

‘ताई, ओळ नव्हती हे खरं. पण आवाज मी आधी ऐकला होता. मी त्याला म्हटलं, हा कसला आवाज? तो म्हणाला, ट्रक असेल, थांब, एवढं ऐकून घे. आणि मी थांबले. मीही थांबलेच ना.’

मग म्हणाली, ‘त्याच्या आधी त्याने मला डोंगरावरचा ढग दाखवला होता. म्हणाला, बघ, किती सुंदर. वरून सपाट होता, ओट्यासारखा.’

बंब्या, मी हे तुला हरवायला लिहीत नाही. तुझ्या पत्रात हे नव्हतं, एवढंच. तू माझ्यावर जे जे ओतलंस ते मी घेते. ते माझं आहे. तुझ्या रागाला भिऊन मी मुकाट राहिले, आणि मला माहीत होतं तू कुठे उभा आहेस. रोज सकाळी उठल्यावर पहिलं हेच आठवतं. पण सगळं माझ्यावर टाकून तुला हलकं वाटणार असेल, तर वाटणार नाही. मी बघितलंय तुला लहानपणापासून. मी गप्प बसले आणि तू बोलत बसलास. दोन्ही मिळून झालं.

इथलं सांगते. पूर आल्यावर बैठक झाली. आता वरच्या डोंगरांच्या ओळीसाठी छापील नमुन्यात जागा ठेवणार आहेत. जागा झाली, लिहायला मी नाही. मी अजून कबुतरांतच आहे. तू येऊन काही मोडू नकोस. मी उद्या साहेबांसमोर उभी राहणार आहे, स्वतःच्या पायांवर. नाही म्हणाले तर परवा पुन्हा.

निघताना तिने विचारलं, ‘ताई, तो काय सांगत होता? पाण्याच्या आवाजात मला शेवटचं ऐकूच आलं नाही.’ मला माहीत होतं. तुझ्या पत्रात होतं. मी सांगितलं नाही. ते मी सांगायचं नाही.

पुढच्या आठवड्यात मी परत जाणार आहे. ती पुन्हा विचारेल. काय सांगू?

ताई

२० जून

ताई,

पत्र वाचून पहिल्यांदा उठलो आणि भिंतीपाशी गेलो. हातात काही नव्हतं. परत येऊन बसलो.

ट्रकचं मी तुला लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुझ्यावर ओरडता आलं नसतं. ढगाचं लिहिलं नाही, कारण तू मला अगदी तसाच ढग सांगून ठेवला होतास, ऐरणीसकट, आणि मी त्याच्याकडे बोट दाखवून तिला म्हटलं, बघ. ताई, मी डोंगराकडे बघितलं होतं. अगदी तू सांगितलंस तसं बघितलं.

माझ्या रागाला तू भ्यालीस, हे मला गिळवत नाही. बाबा भीत नाहीत, मुकादम भीत नाही. तू भ्यालीस.

पात्रातलं काम बंद आहे. आता सगळीकडेच पाऊस आहे, खाली आणि वर. मला वाटलं होतं मुकादम हाकलेल. त्याने खडू माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, ‘लिही. पण आता रेडिओचं नको. तुझं लिही.’ म्हणून दुपारी मी डोंगराच्या टोकावर जातो, पूर्वी जिथे हात उंच करून उभा राहायचो तिथे. नदीच्या वरच्या अंगाला बघतो. खाली येऊन लिहितो, ‘वर पाहिलं. ढग आहेत. उतरू नये.’ सुंदर वगैरे काही लिहीत नाही. काल ढग नव्हते तरी ‘उतरू नये’ लिहिलं. कोणी हसलं नाही.

हातमोजा माझ्याकडेच आहे. दुसरा बहुधा तिच्याबरोबरच गेला असेल. वडिलांना विचारू नकोस.

तिने पुन्हा विचारलं तर तिला सांग, काही विशेष नव्हतं. नंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं. थांबून ऐकावं असं तर मुळीच नव्हतं.

बंब्या